आधी माणूस आत, मग दार बंद

उतारवयाच्या उंबरठ्यावर एखादी नवी लिपी शिकायला घ्यावी, म्हणजे आपल्या अडाणीपणाची रोजच्या रोज पोच मिळते. चिनी लिपी या बाबतीत फार उदार. अक्षर कसं दिसतं एवढं कळून तिथे भागत नाही. पहिली रेघ कुठली, दुसरी कुठली, शेवटची कुठली, याचा हिशेब आधी द्यावा लागतो. लिहून झाल्यावर कागदावर त्या क्रमाचा फारसा मागमूस उरत नाही, आणि तरीही शिकवणाऱ्याचं लक्ष कागदावर नसून तुमच्या हातावर असतं.

नियम मात्र शहाणे आहेत. वरचं आधी, खालचं नंतर. डावं आधी, उजवं नंतर. आडवी-उभी एकमेकींना छेदत असतील तर पहिला मान आडवीचा. ‘लहान’ किंवा ‘पाणी’ लिहिताना मधला खांब आधी रोवायचा, मग दोन्हीकडची मंडळी. पण सगळ्यांत लोभस नियम चौकटीचा. तीन बाजू आधी काढायच्या, मग आतला ऐवज ठेवायचा, आणि तळाची रेघ सर्वांत शेवटी. चिनी मुलांना तो असा शिकवतात: आधी माणूस आत, मग दार बंद. ‘कैदी’ या अक्षराच्या चौकटीत तर खरोखरच एक माणूस आहे, दोन तिरक्या रेघांचा, पाय फाकवून उभा. दार आधीच लावलं तर बिचारा आत जाणार कुठून? पेनाला भिंती ओलांडता येतात, तेव्हा या शंकेत काही दम नाही. पण एकदा ऐकली की हात आपण होऊन दार उघडं ठेवतो.

रेघांना नावंही आहेत. आडवी ती हंग, उभी ती शू, डावीकडे घसरणारी फ्ये, उजवीकडे पसरणारी ना. वर्गातली मुलं बोट उंचावून हवेत अक्षर काढतात आणि पाढे म्हणावेत तशी ही नावं एका सुरात म्हणतात. सरावाच्या वहीतला प्रत्येक चौकोन मधल्या आडव्या-उभ्या रेघांनी चार खणांत वाटलेला असतो. ‘शेत’ हे अक्षर दिसतं तसाच तो दिसतो, म्हणून त्याचं नावही शेतावरूनच पडलं.

एवढा खटाटोप कशाला? एक तर घाईत लिहिताना रेघा एकमेकींत मिसळतात, आणि कोणती कोणाला जाऊन मिळेल हे क्रमावर ठरतं. सगळ्यांचा क्रम एक असेल तरच एकाची गिचमिड दुसऱ्याला लागते. मोबाइलवर रेघांनी टंकायचीही सोय आहे: रेघांचे पाच प्रकार, पाच कळा. क्रम बदलला की हवं ते अक्षर समोर येत नाही. पण खरं कारण आठवणीचं असावं. इतकी हजारो अक्षरं डोक्यात कुठे मावणार? ती हातात राहतात. एखादं अक्षर आठवेना, तर चिनी माणूस तळहातावर बोटाने रेघा ओढून बघतो. पहिल्या दोन नीट पडल्या की उरलेल्या मागोमाग येतात. हल्ली टंकून टंकून हातही विसरू लागलेत. ‘शिंक’ हा शब्द हाताने लिहायची वेळ आली की भलेभले अडतात. शिंक मात्र अडत नाही.

मग ‘बरोबर’ क्रम ठरवला कोणी? सरकारने. चीनने 1997 मध्ये 7,000 अक्षरांचे क्रम अधिकृत केले. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने त्याच्या कितीतरी आधी, 1958 मध्ये, शाळेतल्या 881 अक्षरांसाठी पुस्तिका काढली होती. दोघांचं सगळीकडे जुळत नाही. ‘राजा’ म्हणजे तीन आडव्या रेघा आणि मधून एक उभी. चीनमध्ये दोन आडव्या झाल्या की राजाला कणा मिळतो, जपानमध्ये एकीनंतरच. गंमत अशी, की इथे न दिलेले क्रम आम्ही चूक मानत नाही, असं त्या जपानी पुस्तिकेतच नमूद आहे. शाळेतल्या लाल पेनापर्यंत तो मजकूर बहुधा पोचला नाही.

आपण हसायला नको. देवनागरीत शब्द लिहून झाला की वरून शिरोरेघ ओढायची, हे आपल्याला सृष्टीच्या नियमासारखं वाटतं. मोडी लिहिणारे कारकून आधी कागदभर रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जात. त्या उलट्या क्रमाने शतकानुशतकं दफ्तरं भरली, वसूल गोळा झाला आणि राज्यंही चालली.

तेव्हा राजाला कणा कधी द्यायचा हे ज्याच्या मुलखात लिहाल त्याला विचारावं. घरी एकटेच गिरवत असाल तर दोन्हींतला कुठलाही क्रम घ्या, फक्त आज एक आणि उद्या दुसरा असं करू नका. हाताला सरकार कळत नाही, सवय कळते.