हरकतदार

पुण्यात एखादा चौक सुधारायचं घाटू लागलं, की त्याचा वास सर्वांत आधी नगरसेवकाला लागत नाही, हरकतदाराला लागतो. साठी उलटलेली, बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्ती, खांद्याला शबनम. शबनममध्ये शिंप्याची टेप आणि 1975 च्या वृक्षसंवर्धन कायद्याची झेरॉक्स. तिच्यावर कधीतरी डबा सांडलेला असल्यामुळे कलम आठ कायमचं पिवळं.

दूध आणायला निघालेला हा गृहस्थ झाडावर कागद दिसला की थांबतो. बाकीच्यांना ती 'खोली भाड्याने देणे आहे'ची जाहिरात वाटते. हा मात्र ती वृक्षतोडीची नोटीस शेवटच्या ओळीपासून वाचतो, कारण हरकतीची मुदत तिथे असते. सात दिवस. मग दूध राहतं बाजूला. छातीच्या उंचीवर बुंध्याला टेप गुंडाळून हा घेर मोजतो. यादीत लिहिलेलं असतं 'सुबाबूळ', समोर उभा असतो कडुनिंब. खाली पडलेली एक लिंबोळी उचलून तो रुमालात बांधतो. पुरावा!

खरी गंमत वयाची. त्या कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनुसार पन्नाशी गाठलेलं झाड 'हेरिटेज' ठरतं, शिवाय झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. तेव्हापासून हरकतदाराच्या हाती पडणाऱ्या यादीतले वड एकोणपन्नासाव्या वर्षी जे थांबतात, ते थांबतातच.

"अहो, माझ्या मुंजीच्या वर्षी मी याच्या पारंब्यांना लोंबकळलोय. आज मी एकाहत्तरचा आहे."

"मुंजीचा काही पुरावा?" कारकून मान वर न करता विचारतो.

दुसऱ्या दिवशी फोटो हजर. फोटोत वड आहे, पण नेमकी वडाच्या पुढे आत्या उभी आहे.

"पर्यावरणाचा अभ्यास केलात का?" हा त्याचा ठेवणीतला प्रश्न. "चौकाला लागत नाही," हे सल्लागाराचं ठेवणीतलं उत्तर. 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेत महामार्ग आहेत, शहरातल्या साध्या चौकाला रकाना नाही, हे हरकतदाराला सल्लागारापेक्षा नीट ठाऊक असतं. तरी तो विचारतो. 'लागत नाही' एवढं लेखी द्या म्हणतो.

जनसुनावणी म्हणजे त्याचा दिवाळसण. ती कामाच्या दिवशी सकाळी अकराला असते, म्हणजे नोकरदार येऊ शकत नाहीत. सल्लागार पडद्यावर गणित मांडतो: वाहतूक पीसीयूमध्ये, म्हणजे मोटारीच्या मापात मोजायची. मोटार म्हणजे एक, दुचाकी अर्धी-पाऊण, बस दोनाच्या वर, सायकलसुद्धा निम्म्याच्या आसपास.

"आणि चालणाऱ्या माणसाचा आकडा?"

सल्लागार दोन स्लाइड मागे जातो, तीन पुढे येतो. "तो यात धरत नाहीत."

"म्हणजे घरून इथवर चालत आलेला मी कोण?"

साहेब चहा मागवतात. हरकतदार चहा घेतो आणि विषय सोडत नाही. "विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 साली पाडलात. त्याला वीस वर्षंही झाली नव्हती. आणि तुम्ही वडाचं वय काढता?"

"नोंद घेतली," साहेब म्हणतात.

हा माणूस वैताग आणतो, यात शंका नाही. त्याच्या दहा हरकतींतल्या सात शुद्धलेखनाच्या असतात. इतिवृत्तात 'वृक्ष'चा 'व्रुक्ष' झाला म्हणून त्याने एकदा दोन पानी पत्र दिलं होतं. झाड तोडण्याला हरकत घेणारा हाच, वादळात फांदी त्याच्या स्कूटरवर पडल्यावर ती दोन दिवस का उचलली नाही, यालाही हरकत घेणारा हाच. घरी वहिनींनी फोडणीत मोहरी कमी घातली, तरी त्या आधी म्हणतात, "लेखी द्या."

पण उरलेल्या तीन हरकतींपायी कधीतरी नकाशातली रेघ चार फूट सरकते. डावं वळण थोडं आक्रसतं आणि वड दुभाजकात उभा राहतो. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर 'पर्यावरणपूरक चौक' असं छापून खाली अठरा हसरे चेहरे येतात. त्यांत हा नसतो. तो तेव्हा फ्लेक्स बांधायला झाडात ठोकलेले खिळे मोजत असतो.

सुनावणीला एकटाच येतो म्हणून साहेब त्याला 'एकटा माणूस' म्हणून मोडीत काढतात, आणि ते खरंच आहे. तेव्हा पुढच्या वेळी झाडावर कागद दिसला तर शेवटची ओळ वाचा. हरकत साध्या कागदावरही देता येते. दोन प्रती करा, आणि एकीवर पोहोच घ्यायला विसरू नका.