थकबाकीचं वाङ्मय

मराठी माणसाला धंदा जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी जुन्या मासिकांचा इतिहास बहुधा वाचलेला नसतो. वाचला असता तर त्यांची खात्रीच पटली असती. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत ज्याच्या गाठीला थोडी विद्या आणि थोडे उसने पैसे असत, त्याला एक तर नाटक मंडळी काढावीशी वाटे, नाही तर मासिक. नाटक मंडळीत निदान पंगती उठत. मासिकवाल्याच्या पानात प्रुफं वाढलेली असत. शं. ग. दाते यांनी सहकाऱ्यांच्या मदतीनं १८०० ते १९५० या काळातल्या मराठी नियतकालिकांची सूची केली. तिचे खंड चाळायला बसलं की दुपार कधी कलली ते कळत नाही. दीडशे वर्षं हा समाज एकमेकांना लेख पाठवत होता. पैसे मात्र फारसं कुणी कुणाला पाठवत नव्हतं, असं काहीतरी मनात येऊन जातं.

आणि ही मासिकं निघत तरी कुठून! कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी ‘केरळकोकिळ’ १८८६ साली सुरू केलं ते थेट कोचीनहून. पुण्या-मुंबईच्या ग्रंथकारांची पुस्तकं अरबी समुद्राच्या काठाकाठानं तिकडे परीक्षणाला जात आणि चांगला मार खाऊन परत येत. आठल्यांची परीक्षणं त्या काळी गाजली. मला वाटतं, या निर्भीडपणात अंतराचा थोडा हात असावा. ज्याच्या पुस्तकाची साल काढली तो संध्याकाळी लकडी पुलावर भेटणार नाही, ही खात्री टीकाकाराच्या लेखणीला फार मोकळं करते.

काशीनाथ रघुनाथ आजगावकरांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांना बंगाली भाषेची इतकी ओढ लागली की त्यांनी आडनावच बदलून ‘मित्र’ करून घेतलं. परक्या भाषेचे शब्द आपण सगळेच उचलतो. आडनाव उचलणारा विरळा. या मित्रांनी १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ काढलं आणि इंग्रजी मासिकांचे नाताळचे अंक पाहून १९०९ साली दिवाळीचा खास अंक. म्हणजे फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडा टाकून त्यावर चिवड्याचं तेल सांडण्याची आपली अस्सल मराठी परंपरा एका बंगाली आडनावाच्या कोकणी माणसानं विलायती नाताळावरून आणलेली आहे. संस्कृतीची शुद्धता तपासायला निघालेल्यांनी या वाक्यावरून जरा जपून जावं.

‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ पासून १९३७ पर्यंत, सत्तर वर्षं, नावाला जागत राहिला. त्याच्याविषयी बोलायचं तर पाठ ताठ करून बसावं लागेल, म्हणून इथं बोलत नाही. पण ‘किर्लोस्कर खबर’ची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२० साली किर्लोस्करवाडीला हे पत्रक निघालं तेव्हा मागे उभा होता नांगराचा कारखाना. कारखान्याच्या घडामोडी लोकांपर्यंत पोचवाव्यात, एवढाच साधा हेतू. पण शंकरराव किर्लोस्करांच्या हाती पडलेलं पत्रक पत्रक कसं राहणार? लोखंडी फाळाच्या मागोमाग गोष्टी आल्या, व्यंगचित्रं आली, आणि १९२९ मध्ये ‘खबर’ गळून नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं. पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडंही झाली. ही मासिकं कित्येक दशकं चालली. मराठी वाङ्मयाला प्रतिभेइतकीच ओतशाळेची गरज असते, असा माझा यावरून ग्रह झाला आहे आणि तो बदलावा असं अजून काही घडलेलं नाही.

हे सगळं वाचायचं ते अर्थात बांधीव खंडांतून. ग्रंथालयांनी वर्षाचे बारा अंक एकत्र शिवून पाठीवर सोनेरी अक्षरं उमटवली, ते बरंच झालं. पण शिवताना बांधणीवाल्यानं मुखपृष्ठं आणि जाहिराती निरुपयोगी म्हणून बहुतेक ठिकाणी काढून टाकल्या. राहिले ते ‘स्त्रीशिक्षण आणि आपले कर्तव्य’ या जातीचे लेख, ज्यांत कर्तव्य नेहमी वाचकाचं असे. डोंगऱ्यांचं बालामृत, जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या, अशक्तपणावरचे रामबाण उपाय, हे सगळं रद्दीत गेलं. एकदा मात्र एका खंडात बांधणीवाल्याची नजर चुकून एक गुलाबी वेष्टन राहिलेलं मला सापडलं. कडा तांबूस होऊन बिस्किटासारख्या तुटत होत्या, एका कोपऱ्यात पोस्टाचा अर्धा शिक्का होता, आणि मधोमध चौकटीत वर्गणीदारांना विनंती.

या विनंत्या हा खरोखर स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. वर्षाच्या आरंभी वर्गणीदार ‘उदार आश्रयदाते’ असतात. पावसाळा लागला की त्यांना हळूच स्मरण दिलं जातं. दिवाळीनंतर कागदाची महागाई, छापखान्याचं देणं आणि संपादकाची प्रकृती एकाच परिच्छेदात येतात. शेवटी अंक व्ही. पी.नं निघतो. पोस्टमन दारात उभा. पैसे द्या आणि अंक घ्या. आश्रयदाते ओसरीवरूनच ‘परत न्या’ म्हणतात आणि जाण्या-येण्याचं टपाल संपादकाच्या अंगावर पडतं. या चौकटींइतकं कळवळून लिहिलेलं गद्य त्या अंकांतल्या कथांमध्ये क्वचितच सापडेल.

आमच्या आजोबांनीही एक व्ही. पी. परत केली होती. हे मला आजीकडून कळलं, पण तक्रार म्हणून नव्हे. लग्न होऊन आल्यावर ती एका मासिकातली क्रमशः कादंबरी वाचत असे. नायिका माहेर सोडून रात्रीच्या गाडीत बसते, इथवर भाग आला आणि अंक यायचा थांबला. वर्गणी जास्त वाटते, एवढंच आजोबा म्हणाले. आजीनं वाद घातला नाही; तिनं पुढची कादंबरी स्वतःच करून टाकली. दुपारी तांदूळ निवडताना ती आम्हाला ती गोष्ट सांगे. माझ्या वाट्याला आलेली नायिका नागपूरला उतरून मास्तरीण झाली. माझ्या बहिणीला सांगितलेली, परत फिरून भावांशी भांडली आणि जिंकली. धाकट्या मामेभावाच्या गोष्टीत गाडीवर दरोडा पडे, कारण तो लवकर झोपत नसे. प्रत्येकाला आपलाच शेवट खरा वाटे, आणि आजीच्या तेरावीला त्यावरून आमचा रीतसर वाद झाला.

हरिभाऊ आपटे १८९० पासून १९१७ पर्यंत ‘करमणूक’ चालवत होते. आनंदाश्रमाची व्यवस्था बघायची, पुण्याच्या नगरपालिकेत बसायचं आणि आठवड्याच्या आठवड्याला कादंबरीचा मजकूरही द्यायचा. ‘पण लक्षात कोण घेतो’ अशीच तुकड्यातुकड्यांनी लोकांच्या घरी गेली. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. समीक्षक त्याबद्दल हळहळतात. मी तितकासा हळहळत नाही. कुठल्या कुठल्या माजघरात तांदूळ निवडता निवडता त्या पुऱ्या झालेल्या असणार. आजीच्या कादंबरीचा खरा शेवट शोधायचं माझ्याही मनात होतं. पण मासिकाचं नाव तिला आठवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही फारसा नेट धरला नाही. छापील शेवट आजीच्यापेक्षा बेताचा निघाला असता तर काय करायचं?

आजोबांचे ते थकलेले पैसे आता कुणाला पाठवायचे हे कळायला मार्ग नाही. तुमचं तसं नाही. अजूनही महाराष्ट्रात कुणी ना कुणी पदरमोड करून मासिक चालवतं आहे, आणि त्यांच्या यादीत आपलं नाव थकबाकीत असण्याचा संभव आहे. वर्गणी पाठवून द्या. आता मोबाइलवरून दोन मिनिटांत जाते, तेव्हा पोस्ट लांब पडतं ही सबबही उरलेली नाही.