आधी हिशेब दाखवा

कोपऱ्यावरचा वाणी रोज रात्री गल्ला मोजतो, मगच शटर ओढतो. भिशी चालवणाऱ्या काकूंच्या वहीत प्रत्येकीचा हप्ता लिहिलेला असतो. मग अब्जावधींच्या कंपनीचा वर्षाचा हिशेब दीड वर्ष का रखडतो?

ऑनलाइन शिकवणीची कंपनी बायजूज, तिच्याबद्दल बोलतोय. मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षाचे आकडे बाहेर आले सप्टेंबर २०२२ मध्ये. तोटा साडेचार हजार कोटींच्या वर.

आता मधली एक तारीख बघा. मार्च २०२२. याच कंपनीची किंमत तेव्हा २२ अब्ज डॉलर ठरली. आधीच्या वर्षाचा ताळेबंद लोकांनी पाहिलाही नव्हता.

पाण्यात म्हैस, बाहेर मोल!

तोवर खरेदी जोरात चालली होती. २०२० मध्ये मुलांना कोडिंग शिकवणारी व्हाइटहॅट ज्युनियर, ३० कोटी डॉलरना. २०२१ मध्ये कोचिंग क्लासची साखळी आकाश, सुमारे एक अब्ज डॉलरना. भारतीय संघाच्या जर्सीवर नाव. कर्जही उचललं, १.२ अब्ज डॉलरचं. घरात कर्ता माणूस असा खर्च करायला लागला, तर बायको दुसऱ्या दिवशी चेकबुक कुलपात ठेवेल.

ऑक्टोबर २०२२ मध्ये २,५०० जणांना कमी करण्याची घोषणा झाली. पुढच्याच महिन्यात मेस्सीचा फोटो झळकला, कंपनीच्या सामाजिक उपक्रमाचा सदिच्छादूत म्हणून. ज्यांची नोकरी गेली, त्यांच्या घरी तो फोटो कसा दिसला असेल? कंपनीत 'साहेब, आत्ता नको' म्हणणारं एकही माणूस नव्हतं?

असं म्हणू शकणारे पुढं निघूनच गेले. जून २०२३ मध्ये लेखापरीक्षक डेलॉइट बाहेर पडली. गुंतवणूकदारांचे तीन संचालकही.

डिसेंबर २०२३ मध्ये बातमी आली, पगार भागवायला संस्थापकानं घरं गहाण ठेवली. हे मी हलक्यात घेणार नाही. पळून जाणारे पुष्कळ असतात. पण ती घरं डिसेंबरात गहाण पडली नाहीत. ती त्या खरेदीच्या दिवसांतच पडली होती.

शेवटी दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली जुलै २०२४ मध्ये, क्रिकेट मंडळाच्या अर्जावर. थकबाकी सुमारे १५८ कोटी. ज्या जर्सीनं घराघरांत नाव पोचवलं, तिचंच बिल राहिलं होतं. आणि ऑक्टोबरात संस्थापक स्वतःच म्हणाले, कंपनीची किंमत आता शून्य.

२२ अब्ज ते शून्य. अडीच वर्षं.

आणि आपण काय शिकलो? आजही एखाद्या स्टार्टअपला फंडिंग मिळालं की पेढे वाटले जातात. कशाचे पेढे? विक्री झालेली नाही, नफा झालेला नाही. दुसऱ्याचा पैसा आलाय आणि तो वाढवून दाखवायची जबाबदारी डोक्यावर बसलीय. भांडवल घेणं हे पाप नव्हे. औषध शोधायला, यंत्र बनवायला ते लागतंच. घेतलेल्या भांडवलाला कमाई समजणं, हा घोळ आहे.

शेअर दलाली करणारी झिरोधा २०१० पासून बाहेरच्या भांडवलाशिवाय उभी आहे. सॉफ्टवेअर कंपनी झोहो त्याच्याही आधीपासून, १९९६ पासून. तिथं ग्राहकाच्या पैशातून पगार होतात. यात चमत्कार काही नाही. आपले आजोबा याला धंदा म्हणायचे.

व्हिजन आणि कल्चरवर तासभर बोलणाऱ्या संस्थापकाला एकच विचारा. आज बँकेत किती महिन्यांचा पगार शिल्लक आहे? आकडा तोंडपाठ असेल तर माणूस कंपनी चालवतोय. 'सीएला विचारून सांगतो' म्हणाला, तर कंपनी त्याला चालवतेय.

'आपण सगळे एक कुटुंब' हे वाक्यही आता पुरे झालं. कुटुंबात ताटात किती आहे ते सगळ्यांना दिसतं. इथं कामावरून काढल्याचा मेल येईपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

तुमचा मुलगा, सून, भाची अशा कंपनीत असेल तर आज जेवणं झाल्यावर एक काम करा. पीएफचं पासबुक उघडायला सांगा. मागच्या महिन्याच्या पगारातून कापलेली रक्कम कंपनीनं या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. दोन-तीन महिने कापली जातेय आणि खात्यात दिसत नाही? मग एचआरला लेखी विचारा, आणि दुसरी नोकरी शोधायला त्याच रात्री सुरुवात करा.