पार्टिशनभाऊ

धानोऱ्यात शेताची वाटणी करायची तर तलाठी, भूमापक, दोन पंच, एक मामा आणि पिढीभर पुरेल एवढा अबोला लागतो. हार्ड डिस्कची वाटणी करायला पार्टिशनभाऊ एकटे पुरतात. त्यांना बोलवावंसुद्धा लागत नाही. कोणाच्या घरी सेकंडहँड लॅपटॉप आला, की चहाचं आधण उकळायच्या आत भाऊ ओट्यावर हजर.

नंदुरबार जिल्ह्यातलं गाव म्हणून त्यांचा वेगळा नमुना निघाला, असं मुळीच नाही. महाराष्ट्रात जिथे म्हणून वीज आणि रिचार्ज पोचलाय तिथे एक पार्टिशनभाऊ असतोच. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. एमएस-सीआयटी झालेली. नाशकात किंवा पुण्यात थोडे दिवस नोकरी करून ‘तिथे आपल्या लायकीचं काम नव्हतं’ म्हणून परत आलेला. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी तीन पेनड्राइव्ह. एकात उबुंटू लिनक्स, दुसऱ्यात मिंट आणि तिसऱ्याबद्दल विचारलंत तर “तो राहू द्या, तो तुम्हाला झेपणार नाही.” शिवाय पूर्वी उबुंटूवाले मागेल त्याला फुकट सीडी पोस्टाने पाठवत. 2011 साली ते बंद झालं, पण भाऊंकडे त्यातली एक अजून आहे. ती घालायला खण असलेला संगणक आता घरात उरलेला नाही. तरी दसऱ्याला विळा-कोयत्याशेजारी तिला हळदकुंकू वाहिलं जातं.

भाऊंची खरी सुगी 14 ऑक्टोबर 2025ला आली. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10चा हात सोडला, आणि विंडोज 11 म्हणालं, टीपीएम 2.0 ची चिप दाखवा, प्रोसेसर नवा दाखवा, मगच उंबरा ओलांडा. गावातले निम्मे लॅपटॉप एका दिवसात म्हातारे ठरले. भाऊ दारोदार फिरले. “नवीन घेऊ नका. जुन्यावरच लिनक्स टाकू. विंडोजला धक्का लावत नाही. तो त्याच्या खोलीत, हा आपल्या.”

सेवा केंद्र चालवणारे आप्पा जरा बिचकले. केंद्रातल्या अंगठ्याच्या यंत्राला विंडोज लागतं, आणि अंगठा उठला नाही तर केंद्राला कुलूप. देशातलं पहिलं आधार 2010 साली याच जिल्ह्यात, टेंभलीत दिलं गेलं, तेव्हा अंगठ्याच्या बाबतीत इकडची माणसं जरा हळवी आहेत. “डेटा जाणार नाही ना?” आप्पांनी विचारलं.

यावर भाऊंकडे इतिहास तयार असतो. “आप्पा, 1906 साली खानदेशाचे दोन भाग केले, पूर्व आणि पश्चिम. 1960ला राज्य वेगळं झालं. 1 जुलै 1998ला धुळ्यातून नंदुरबार काढलं. एक तरी गाव फॉरमॅट झालं का? आपल्या नवापूरचं स्टेशन बघा. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. गाडी थांबते की नाही?”

गाडी थांबते, हे आप्पांना नाकारता येईना.

मग मोजणी सुरू झाली. पहिला खटका क्षेत्रफळावरच. “डिस्क पाचशे जीबीची घेतली होती, इथे चारशे पासष्टच दिसते. पस्तीस कोणी खाल्ले?” आप्पांच्या नजरेत संशय होता, आणि तो भाऊंवर होता. बनवणारी कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज एक हजार चोवीसच्या; एवढाच तो फरक. भाऊंनी तो कागदावर गणित मांडून पटवला. आप्पांनी मान डोलावली आणि मनातल्या मनात पस्तीस जीबी भाऊंच्या खात्यावर टाकले.

पुढे विंडोजला आकसायला सांगितलं, तर डिस्क अर्धी रिकामी असूनही ते मोजकीच जागा सोडायला तयार. काही फायली मधोमध ठाण मांडून बसलेल्या असतात, त्यांना तिथून हलवता येत नाही. “वावराच्या मधोमध विहीर आहे आप्पा,” भाऊ म्हणाले, “विहीर सरकत नाही. बांध तिच्या पलीकडेच पडणार.” हे मात्र आप्पांना लगेच कळलं. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर मुख्य वाटे चारच पडतात, पाचवा भाऊ निघाला तर त्याला एका वाट्याच्या पोटात जागा करावी लागते. नव्या पद्धतीत विंडोज एकशे अठ्ठावीस वाटे पाडू देतं. तो आकडा ऐकून आप्पा गप्प झाले. त्यांच्याकडे भाऊबंदकीचा खटला चालू आहे.

वाटे हलत असताना लाइट गेली तर? लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, आणि धानोऱ्यात लाइट कोणाला विचारून जात नाही. एका गुरुजींच्या घरी नेमकं तसंच झालं. मुलीच्या बारशाचे फोटो गेले. गुरुजी रडवेल्या आवाजात म्हणाले, “भाऊ, मना फोटो कोठे गयात?” भाऊ शांतपणे म्हणाले, “गुरुजी, ज्याने 1991 साली लिनक्स लिहिलं ना, त्या टोरवाल्ड्सने मोडेम लावता लावता चुकून स्वतःचीच मिनिक्सची पार्टिशन खराब केली होती. म्हणून तर तो पुरता लिनक्सवर आला.” गुरुजींना यातून काय दिलासा मिळाला ते माहीत नाही, पण चहा मात्र त्या दिवशी बिनसाखरेचा आला.

आप्पांचं काम सुखरूप पार पडलं. आता संगणक चालू केला की आधी काळा पडदा येतो, त्यावर पांढरी यादी, सगळ्यात वर उबुंटू. दहा सेकंदांत काही दाबलं नाही तर उबुंटूच उघडतं. त्यामुळे पडद्याच्या कडेला आप्पांच्या मुलाने चिठ्ठी चिकटवली आहे: ‘विंडोजचं नाव येईपर्यंत खालचा बाण दाबणे, मग एंटर.’ उबुंटूतून परत विंडोजमध्ये यावं तर घड्याळ साडेपाच तास मागे. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतं, विंडोज तीच भारतीय समजून वाचतं. सकाळी दहाला केंद्र उघडावं, तर पडद्यावर साडेचार! अधूनमधून एखादं मोठं अपडेट येतं आणि विंडोज गुपचूप पहिला नंबर पटकावतं. बांध कोरण्याची सवय संगणकालाही असते. मग पुन्हा भाऊ.

गंमत अशी, की त्या उबुंटूत अजून कोणी काही केलेलं नाही. भाऊंना त्याचं वाईट वाटत नाही. त्यांचा जीव वाटणीत. वाट्यात पुढे काय पेरलं, हे बघायला ते कधी जात नाहीत. त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर पाच लिनक्स नांदतात, आणि वहिनींना लग्नाचा व्हिडिओ बघायचा असला की माहेरी जावं लागतं.

तरी माणूस सोन्याचा. पैसे घेत नाही, रात्री बारालाही येतो, आणि भंगारात जाणारी कितीतरी यंत्रं त्याने चालती ठेवली आहेत. लिनक्सही खरंच चांगलं आहे. पण ते भाऊंनी सांगितल्यामुळे लोकांना खरं वाटत नाही. तेव्हा तुमच्या ओट्यावर असा भाऊ आला तर हाकलू नका. चहा द्या. फक्त त्याआधी फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, आणि ज्या घरी इन्व्हर्टर आहे त्याच घरी त्यांना बसवा.