एका नजरेत

कोपरगावच्या बसस्थानकाजवळ, चहाच्या टपरीच्या बाकड्यावर पारखी बसलेला असतो. नाव काहीही असो, तालुक्याच्या प्रत्येक गावाला असा एक गृहस्थ सरकारी कोट्यातून मिळालेला असतोच. "आपल्याला माणूस एका नजरेत कळतो, राव," हे त्याचं ब्रीद. दुसरी नजर तो कुणावर टाकत नाही. उगाच पहिलीचा अपमान नको.

शिर्डीला निघालेलं एखादं परगावचं बिऱ्हाड एसटीतून उतरतं. पुढचं अंतर पंधरा किलोमीटरचं. बाप्या रिक्षावाल्याशी घासाघीस करू लागला की पारखी बशीतला चहा फुंकत म्हणतो, "कंजूष पिंड. बाबांच्या दानपेटीतसुद्धा सुटे मागंल." घासाघीस न करता बसला, तर "दोन नंबरचा पैसा दिसतोय." तो माणूस रात्रभर गाडीत उभा राहून आला असेल, पोराला ताप असेल, ही शक्यता पारख्याच्या शास्त्रात नाही. त्या शास्त्रात परिस्थिती नावाचं प्रकरणच नाही. जे आहे ते सगळं रक्तात.

अपवाद एकच, तो स्वतः. शेजारचा कामावर उशिरा पोचला, तर "हाडाचा आळशी." हा उशिरा पोचला, तर "अहो, नळाला पाणी आलं होतं." पाणी दोघांच्याही नळाला एकाच वेळी आलेलं असतं. कोपरगावात पाणी आलं की काय धांदल उडते, हे या गावात कुणाला सांगायला नको.

स्टॅनफर्डचे ली रॉस यांनी १९७७ साली माणसाच्या या खोडीवर निबंध लिहिला. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि प्रसंगाचा जोर विसरतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांना त्यासाठी प्रयोग करावे लागले. इथे एक कटिंग पुरला असता.

पारख्याची खरी कला खुलते ती राजकारणात. गावात काळे आणि कोल्हे हे दोन गट जुने. साखर कारखानेही दोन. समोरच्या गटातला कार्यकर्ता आपल्याकडे आला, की "डोळे उघडले बिचाऱ्याचे." आपल्यातला तिकडे गेला, की "पहिल्यापासून स्वार्थीच होता, मी बोललो नव्हतो?" बोलला नव्हता. काल-परवापर्यंत त्याच माणसाच्या गाडीवर मागे बसून फिरत होता.

आणि राघोबादादा! साल्बाईच्या तहानंतर दादासाहेब कोपरगावात येऊन राहिले, १७८३ साली इथेच वारले. त्यामुळे तो खटला पारख्याला घरचा वाटतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, त्याचा निकाल तो असा देतो: "दादा मूळचा मोकळ्या मनाचा, परिस्थितीनं अडकला. बाई मात्र पहिल्यापासून कपटी. 'ध'चा 'मा' तिनंच केला." पेशवाईचा मोह, घरातली भाऊबंदकी, गारद्यांचा थकलेला पगार ही सगळी परिस्थिती दादांच्या वाट्याला; आनंदीबाईंच्या वाट्याला नुसता स्वभाव. खाडाखोडीचा तो कागद तर आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही. तसं म्हटलं की पारखी आपल्याकडे कीव आल्यासारखा बघतो. "कागद कशाला लागतो? तोंडावरून कळतं." तोंड त्याने सिनेमात पाहिलेलं.

त्याचा एक गुण मात्र मानायला हवा. निकाल तो फुकट देतो आणि चुकला तरी बदलत नाही, त्यामुळे गावात बऱ्याच जणांना आपण कोण आहोत हे कायमचं ठाऊक आहे.

परवा त्याने मलाही निकालात काढलं. टपरीवर कुणाचं तरी लग्न मोडल्याची चर्चा रंगली होती. त्याने माझ्याकडे वळून मत विचारलं. मी गप्प. त्याने पुन्हा विचारलं. मी डोळे मिटून नुसती मान हलवली. तो बाजूच्याला हळूच म्हणाला, "बघितलं? आतल्या गाठीचा आहे. लिहिणारी माणसं सगळी अशीच."

माझ्या तोंडात कढईतून नुकतंच काढलेलं भजं होतं.