चौथ्या खेळीचा उंट

बुद्धिबळात उंट लवकर बाहेर काढणाऱ्याबद्दल आपल्याकडे फारसं बरं बोलत नाहीत. "आधी घोडे काढ, मग उंट," हे प्रत्येक काकांनी प्रत्येक पुतण्याला ऐकवलेलं असतं. देशी पद्धतीत तर प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर सरकायचं, त्यामुळे उंटाला वाट मिळेपर्यंत एक चहा व्हायचा. विलायती पद्धतीत मात्र ब्राझीलच्या ट्रॉम्पॉव्स्कीनं दुसऱ्याच खेळीला उंट समोरच्या घोड्याच्या अंगावर नेऊन ठेवला. पुढे इंग्लंडच्या ज्युलियन हॉजसननं तोच आगाऊपणा इतक्या नेमानं केला, की लोक त्याला आगाऊपणा म्हणेनासे झाले.

पण उंटाच्या बाबतीत खरी हिंमत मी पाहिली ती तोक्योच्या कोतो भागात. अराकावा नदीच्या पलीकडे निशि-कासाई, तिथे भारतीयांची वस्ती दाट. अलीकडे हा कोतो. भारतीय मुलांची एक शाळा इथे २००४ पासून आहे, त्यामुळे ओजिमाच्या उंच इमारतींत लिफ्टचं दार उघडलं की कधीकधी आतून "अगं, डबा घेतलास का?" ऐकू येतं. अशाच एका इमारतीत तळमजल्यावर दुपारी म्हातारी मंडळी शोगी खेळतात. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. पट नऊ गुणिले नऊ, प्रत्येकाची वीस मोहरी, आणि तिरकं धावणारा उंट दोन्हीकडे एकेकच. एकुलत्या एक उंटाला किती जपायला हवं, सांगा!

तिथले एक आजोबा अजिबात जपत नाहीत. आधी खेळणाऱ्यानं प्यादं सरकवून उंटाची वाट मोकळी केली, आजोबांनीही केली. त्यानं आणखी एक प्यादं हलवलं. लगेच, चौथ्या खेळीला, आजोबांचा उंट सरळ पट ओलांडून समोरच्या उंटाला खाऊन बसतो. समोरचा 'चांदीचा सरदार' हे आपलं मोहरं पुढे टाकून त्याला उचलतो. झालं, दोन्ही उंट पटावरून गेले. पंगतीत वरण वाढायच्या आत जिलबी संपवावी, तसं. शिवाय आजोबा मुळात दुसऱ्यांदा खेळणारे. त्यांची ही खेळी खाण्यात गेली, समोरच्याचा सरदार मात्र खाता खाता कामाच्या जागी आला. म्हणजे आधीच मागे असलेला माणूस आपखुशीनं आणखी एक पाऊल मागे गेला.

शोगीत मेलेलं मोहरं डब्यात जात नाही, मारणाऱ्याच्या बाजूनं लढतं. स्वतःची पाळी आली की ते रिकाम्या घरात टाकायचं. त्यामुळे आता दोघांच्याही हातात एकेक उंट. छावणीत जरा फट दिसली की तो वरून येऊन पडणार. दोघेही मग दारं-खिडक्या लावत बसतात आणि हळूहळू दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या दिसू लागतात. अशा वेळी कुणीच काही बिघडवू नये, हेच उत्तम. पण पाळी आली की काहीतरी हलवावं लागतंच, आणि ही सक्ती जो पुढे आहे त्याला आधी गाठते; हा आजोबांचा पहिला फायदा.

आजोबांचा दुसरा फायदा अधिक गमतीचा. शोगीतला घोडा फक्त पुढेच उडी मारतो. एक खेळी कमी पडल्यानं हत्तीच्या रांगेतलं आजोबांचं प्यादं एक घर मागे राहिलेलं असतं. ते पुढे गेलं असतं, तर घोड्याची उडी घ्यायची जागा त्यानंच अडवली असती. आता जागा मोकळी आहे. अंगावर घेतलेला उशीर घोड्याच्या कामी येतो.

ही चाल आजोबांनी शोधलेली नाही. आवाजी हितोशिगे या व्यावसायिक खेळाडूला तिच्यासाठी मासुदा कोझो पुरस्कार मिळाला. मासुदा (१९१८–१९९१) हा जुन्या वाटा मोडण्यासाठी गाजलेला खेळाडू, आणि पुरस्कारही नव्या चालींना मिळतो. वेळ वाया घालवल्याबद्दल पुरस्कार! आमच्या ऑफिसात ही सोय नाही.  

मग चाल चांगली की वाईट? संगणकांचा कल तिच्या विरुद्ध आहे. समोरच्यानं चांदीचा सरदार झपाट्यानं पुढे आणला, तर हरवलेली ती एक खेळी खरोखरच भोवते. म्हणून वरच्या फळीत तिचा बहर ओसरला. आजोबांना हे ठाऊक आहे. तरी ते हीच चाल खेळतात, कारण ठरीव पाठ घोकून आलेल्याचा पाठ चौथ्याच खेळीला बंद पडतो. माझं मत त्यांच्याच बाजूचं. पोट या खेळावर असेल तर ही चाल बेतानं वापरावी. रविवारी दुपारी शेजाऱ्याशी खेळणार असाल, तर उंट देऊन मोकळे व्हा. फक्त त्याचा चांदीचा सरदार कुठे निघालाय, तिकडे डोळा ठेवा.