मुरुमाची हौस

मोटारी नसलेल्या कच्च्या रस्त्यावर सायकल चालवायला माणसं विमानाचं तिकीट काढून फ्रान्सला जातात, हे घाटंजी-दारव्ह्याकडे सांगून पाहा. ऐकणारा आधी तुमच्या तोंडाकडे बघेल. कच्चाच रस्ता पाहिजे ना? मग आमच्याकडे या की. वर चहा फुकट.

पण गोष्ट खरी आहे. तिकडे बरगंडी भागात जिव्री ते क्लुनी असा जुना रेल्वेमार्ग होता. गाडी बंद पडली आणि 1997 साली त्याच जागेवर सायकलींची वाट झाली, मोटारींना पूर्ण मज्जाव. मग ही टूम देशभर पसरली. जुने रेल्वेमार्ग, कालव्यांचे काठ, द्राक्षमळ्यांमधल्या पांढुरक्या वाटा, सगळीकडे सायकली. खडीच्या वाटांसाठी सायकलही वेगळी निघाली. तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. टायर जरा रुंद, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं आणि चांगल्यातली घ्यायला गेलं तर किंमत अशी, की तेवढ्यात मोटारसायकल दारात येऊन वर पेट्रोलची सोय व्हावी. 2024 च्या तूर द फ्रान्स सायकल शर्यतीत तर त्रुआ शहराच्या टप्प्यात खडीचे 14 पट्टे मुद्दाम घातले होते. जगातले निवडक शर्यतपटू त्या दिवशी धूळ खात होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. आमच्याकडे धूळ खाणाऱ्यासाठी अजून कुणी टाळी वाजवलेली नाही.

यवतमाळ जिल्ह्यात सायकलवाल्याला डांबरी रस्ता नकोसा वाटावा, याला कारणं आहेत. वणीकडे गेलात तर कोळशाचे ट्रक. पांढरकवड्याला 44 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, त्यावर आपण म्हणजे कडेचा कचरा. म्हणून मी पांदण धरतो. गावनकाशात पायवाट एकेरी तुटक रेघेनं दाखवलेली असते, गाडीवाट दुहेरी तुटक रेघांनी. कागदावर ही गाडीवाट साडेसोळा ते एकवीस फूट रुंद. प्रत्यक्षात दोन्हीकडचे शेतकरी दरसाली वखराचं एकेक तास आत घेतात, मग धुरा कोणी कोरला यावरून सख्खे भाऊ तहसीलदारापुढे उभे राहतात आणि 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा पुन्हा एकदा उघडला जातो. उरलेल्या रुंदीत एक बंडी जाते. समोरून दुसरी आली, तर एकीनं कुणाच्या तरी तुरीत शिरायचं. सायकलला एवढी जागा म्हणजे राजमार्ग.

व्याख्याते आपल्याला नेहमी सांगतात, चाकोरी सोडा. त्यांनी पांदणीवर सायकल चालवलेली नसावी. बंडीच्या लोखंडी धावेनं मुरुमात दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात, मधे गवताचा उंचवटा आणि त्या गवतात गोखरू. चाकोरी सोडली की पंक्चर. मग बाभळीच्या सावलीत चाक काढून बसायचं. टायरच्या आतून बोट हळूहळू फिरवायचं, काटा बोटाला लागला की तो सापडला. ट्यूबला ठिगळ लावायचं, सोल्युशन वाळेपर्यंत पऱ्हाटीकडे बघायचं. चाक बसवून उठलो की कळतं, आपण सावलीला म्हणून बसलो त्या बाभळीनंही मागच्या चाकात एक काटा दिलेला आहे.

पावसाळ्यात तर हा नादच सोडावा. मुरूम जिथवर निधी पोचला तिथवर असतो, पुढे काळी माती. ती टायरला धरते, मग टायर आणि फ्रेमच्या मधे गच्च बसते आणि चाक फिरायचं थांबतं. माणसानं सायकलवर बसायचं की सायकलनं माणसावर, हा प्रश्न मग सायकलच्या बाजूनं सुटतो.

आणि 'रहदारी नाही' असं तरी कसं म्हणावं? शेळ्या आहेत. डुकरं आहेत. पिकातून उठून समोरून उडी मारत जाणारा रोही आहे, आणि त्याच्यासाठी लावलेलं झटका मशीन आहे, ज्याच्या तारेला सायकल टेकवून पाणी पिऊ नये. टिपेश्वरच्या बाजूला वाघ आहे, आणि वाघाच्या बाबतीत मला विनोद सुचत नाही. 2018 च्या नोव्हेंबरात राळेगाव तालुक्यात बोराटीच्या जंगलात माणसं मारल्याचा ठपका असलेली वाघीण मारली गेली, त्याआधी त्या भागातली माणसं शेतात एकटीदुकटी जायला धजत नव्हती. पांदण मोकळी होती खरी. पण त्या मोकळेपणाची जाहिरात कुणी करणार नाही.

रस्त्यात हटकून कोणीतरी भेटतं. डोक्याला दुपट्टा, खांद्यावर फवारणीचा पंप.

"काहून भाऊ, गाडी बंद पडली का?"

"नाही, सायकल चालवून राहिलो."

"इकून रस्ता नाही जात. पुढं नाला आहे."

"माहीत आहे. मुद्दाम आलो."

"मुद्दाम?" तो माझं वय, पोट आणि सायकल या क्रमानं बघतो. "डॉक्टरनं सांगतलं असंल."

मी हो म्हणतो. सगळ्यात सोपं तेच. मग तो आपली गोष्ट सांगतो. सोयाबीन काढून पडलं होतं, वरून पाणी आलं, मळणीयंत्र पांदणीच्या तोंडाशीच फसलं. पोती डोक्यावर बाहेर काढली. सरकारनं 2021 मध्ये मातोश्रींच्या नावानं पाणंद रस्त्यांची योजना काढली, तिच्यात नाव जाईल असं सरपंच म्हणतात. एकदा गिट्टी पडली, वरून डांबर झालं की बस. "मंग तुम्हालेही बरं होईल," तो मला म्हणतो. मी मान डोलावतो. ज्या मुरुमासाठी मी महागडे टायर घेतले, तो जावा म्हणून हा माणूस अर्ज करतो आहे, आणि बरोबर त्याचंच आहे. तरी मनात येतंच, ही एवढी एक पांदण राहू द्यावी.

फ्रेंच डोक्यानं विचार केला तर माझ्या हावरेपणाला एक तोड निघते. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे. 113 किलोमीटर, अडीच फुटी रूळ. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरकडे धाडण्यासाठी घातलेले. इंजिनही मँचेस्टरलाच 1921 साली घडलेलं, आणि ते वाफेवर 1994 च्या 15 एप्रिलपर्यंत धावलं. नंतर डिझेल आलं आणि पुढे गाडीच थांबली. आता रुळांमधे बाभळी आहेत. रेल्वेला चढ झेपत नाही, त्यामुळे वाट सौम्य चढउताराची, आमच्या गुडघ्यांसाठीच आखल्यासारखी. मी मनात सगळं ठरवूनही टाकलं आहे: लाडखेडला पहिला थांबा, दारव्हा मोतीबागला चहा, कारंज्याला गुरुमंदिरात दर्शन, संध्याकाळी मूर्तिजापूर.

हे मी दारव्ह्याच्या एका टपरीवर बोलून गेलो. टपरी शांत झाली. तिथल्या लोकांना शकुंतला परत हवी आहे, रुंद रुळांची, आणि ते वर्षानुवर्षं ती मागत आहेत. वर्धेकडून येणारी नवी लाइन कळंबपर्यंत आली, तेव्हा तर त्यांची आशा जास्तच वाढली. एका म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला.

"सायकल चालवा न बाप्पा," तो म्हणाला, "पण रुळाच्या बाजूनं."